स्पीकरच्या स्टँडमधली रेती

रेकॉर्डिंग चांगलं असेल तर ड्रमवाल्याच्या पायाखालच्या पेडलची कुरकुरसुद्धा ऐकू येते, असं मी बोईसरच्या आमच्या कॉलनीत लोकांना सांगत असे. कोणी विचारत नसे, तरी सांगत असे. माझ्याकडे रॉकच्या काही परदेशी तबकड्या होत्या, बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायर होता आणि दोन थोराड स्पीकर. हा सगळा पसारा बाहेरच्या खोलीत. बायकोला तिथे शिलाई मशीन ठेवायचं होतं, कारण उजेड तिथेच होता. शेवटी तह झाला. रविवारी माझे दोन मित्र ऐकायला यायचे होते. त्यांनी आपणहून कौतुक केलं तर स्टिरिओ राहील, नाहीतर आतल्या खोलीत जाईल.

मग मी जरा जास्तच कामाला लागलो. स्पीकर जमिनीवर ठेवले की खर्ज घुमतो, म्हणून ते लोखंडी स्टँडवर ठेवावेत आणि स्टँडच्या पोकळ पायांत रेती भरावी, असं एका मासिकात वाचलं होतं. स्टँड एमआयडीसीतल्या वेल्डरकडून करून घेतले आणि रेतीसाठी स्कूटरवरून जवळच्या दांडी गावी, समुद्रावर गेलो. किनाऱ्यावर बांबूंना बोंबील वाळत टांगले होते, त्यांच्याखालची रेती कशी बारीक, कोरडी. पिशवी भरताना तिथल्या एका बाईने विचारलं, घर बांधतोस का? म्हटलं, नाही, गाणी ऐकायला नेतोय.

"मंग आमच्या गावानं रातदिस गायलाच पायजे, भाऊ," ती म्हणाली. "एवडी रेती हाय."

रविवारी मित्र आले. बाहेरचा आवाज नको म्हणून मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. तबकडी सुरू झाली. खर्ज इतका स्वच्छ कधीच आला नव्हता. दोघं डोळे मिटून बसलेले. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

तेवढ्यात एकाने डोळे उघडले. "वहिनी, जेवायला सुके बोंबील आहेत काय?"

"आज चतुर्थी आहे, भावजी," बायको म्हणाली.

"वास डावीकडून येतोय," दुसरा म्हणाला.

"छे, मधोमध बसून बघ," पहिला म्हणाला.

दोघांनी जागा बदलून खात्री केली. गिटारसाठी ते एवढे कधी हलले नव्हते. बायकोने शांतपणे विचारलं, "मग हे कौतुक कशाचं धरायचं?"

संध्याकाळी स्टिरिओ आत गेला आणि मशीन खिडकीशी आलं. रेती मी इमारतीमागे ओतली. तिथे पुढे बरेच दिवस मांजरांची बैठक भरत होती.

आतल्या खोलीत गाद्या, रजया, साड्यांनी भरलेलं कपाट. या सगळ्यांत आवाजाचा घुमारा असा काही जिरला, की बाहेरच्या खोलीत मी इतकी वर्षं काय ऐकत होतो असा प्रश्न पडला. बायको मशीन थांबवून मधूनच विचारायची, "आत बरं ऐकू येतं ना हो?"

"चालवून घ्यायचं," मी पडेल आवाजात म्हणायचो. तिला वाईट वाटतंय तोवर एखादी नवी तबकडी पदरात पडेल, असा माझा अंदाज होता.