शोभाताईंचे एकतीस टक्के

शोभा घरत करंजाड्याला राहतात आणि पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतात. पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला तो घरातलाच: धवले. आगरी लग्नात एकेक विधी लावताना जी गाणी म्हणतात ते धवले, आणि म्हणणारी ती धवलारीण. त्यांची आई मालूबाई चिरनेरकडच्या गावातली नावाजलेली धवलारीण. म्हणजे विषय हाताशी, माहिती चुलीशी. आणखी काय हवं, असं बाईंना वाटलं होतं.

पण पीएच.डी.त विषय कळून भागत नाही, नियम कळावा लागतो, आणि नियम काही एका जागी बसेल तर शपथ. मुदत सहा वर्षं, बायकांना दोन जादा. पण ती मोजायची कुठून? प्रवेशाच्या पत्रापासून, नोंदणीपासून, की कोर्सवर्क संपल्यापासून? तीन जणांनी तीन तऱ्हा सांगितल्या. शोधनिबंध छापून आणा म्हणाले. धावाधाव करून आणले, तोवर नवा नियम आला की निबंधांची सक्ती नाही. लगेच कोणीतरी सांगितलं, नवा नियम नव्यांना, तुम्ही जुन्या, तुम्हाला जुनाच. दर सहा महिन्यांनी समितीपुढे जायचं, तर गेल्या वेळी घालायला लावलेलं या वेळी काढायला सांगत. शोभाताई सगळं वहीत उतरवून घेत आणि घरी येऊन वही उघडली की डोकं आणखीच गरगरे.

तरी प्रबंध झाला. मुदतीला चार दिवस उरले असताना ग्रंथालयातल्या भावेशने तो संगणकावर तपासायला घेतला, दुसऱ्याचं उचललेलं किती ते बघायला. मर्यादा दहा टक्के. आले एकतीस. आता बोला! त्याने पडदा वळवून दाखवला, तर सगळा लाल रंग आईच्या एक्केचाळीस गाण्यांवर. पंचवीस वर्षांपूर्वी एक संग्राहक गृहस्थ गावोगाव हिंडून गाणी टिपून गेले होते. त्यांचं पुस्तक आता इंटरनेटवर होतं, आणि त्यात हीच गाणी, ओळीला ओळ. गाणारीचं नाव कुठेच नाही. ‘स्थानिक स्त्रियांकडून’ एवढंच.

शोभाताईंचा पारा चढला. आईनं म्हटलेलं, आपण मोबाइलवर टिपलेलं, आणि चोर आपणच? भावेश म्हणाला की गाणी अवतरणचिन्हांत घाला, खाली कोणाकडून घेतली ते लिहा, टक्के उतरतील. आता इतर गावांतल्या बत्तीस धवलारणींची माहितीपत्रकं त्यांनी सह्यांनिशी जोडली होती. आईचंच तेवढं नव्हतं. घरच्या माणसाचं कसलं पत्रक भरायचं, असं त्यांना वाटलं होतं. मार्गदर्शक सत्यजीत सर म्हणाले, आईचं पत्रक आणा नाहीतर त्या पुस्तकाचं नाव टाका. यातलं नियमात कुठलं बसतं असं विचारलं, तर म्हणाले दोन्ही बसतं. आईच्या गाण्याखाली त्या माणसाचं नाव? शोभाताईंनी कोरं पत्रक पर्समध्ये घातलं आणि गाव गाठलं.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. लेकीने सगळं सांगितलं, पुस्तक दाखवलं, आणि आता प्रत्येक गाण्याखाली तुझं नाव लावते म्हणाली. आईचे हात थांबले.

“माजा नाव नको लिवू,” ती म्हणाली. “तो खरा धवला नाय.”

मग तिने सांगितलं. सासूनं शिकवताना शपथ घातली होती, मांडव नसताना धवला म्हणायचा नाही. तो पाहुणा भर श्रावणात आलेला. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून देवांची नावं गाळून, ओळी मागंपुढं करून तिने काहीबाही म्हणून दाखवलं होतं. तो खूश होऊन गेला, आणि पुढे मांडवाबाहेर कोणी धवला मागितला की ती तेच म्हणे.

गावागणिक शब्द बदलतात, हे शोभाताईंनीच तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं, म्हणून आईच्या ओळी वेगळ्या वाटल्या तरी त्यांना कधी शंका आली नव्हती.

“तो परका व्हता, आये. मला कशाला तोच दिलास?”

“तू बी मोबाइल मांडूनशी बसली व्हतीस,” आई म्हणाली. “मांडवात कवा माज्याजवल येऊन बसलीस?”

लग्नांना त्या जायच्या, पाहुण्यांसारख्या खुर्चीत बसायच्या आणि जेवून परतायच्या.

चार दिवसांत मांडव कुठून आणणार? आणि गाणी काढावीत तर दोन प्रकरणं त्यांच्यावरच उभी. करंजाड्याला येऊन शोभाताईंनी एक्केचाळीस गाण्यांखाली त्या गृहस्थाचं नाव आणि पानाचा आकडा घातला. भावेशने पुन्हा तपासलं. सात टक्के. सरांनी अभिनंदन केलं आणि प्रबंध जमा झाला.

संध्याकाळी आईचा फोन आला. माझं नाव कुठं टाकलं नाहीस ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

“नाय,” शोभाताई म्हणाल्या.

“बरा झाला,” आई म्हणाली, अगदी मनापासून.

फोन ठेवल्यावर शोभाताईंना रडू आलं, आणि ते प्रबंध सुटल्याच्या आनंदाचं की कशाचं, हे त्यांना काही केल्या कळेना.