कासवाची छावणी

देवासला आमच्या घरच्या देवळामागे बाग आहे आणि बागेत एक कासव. ते कोणी आणून सोडलं, कोणालाच आठवत नाही. एका जानेवारीत ते पाचोळ्यात पाय आत ओढून बसलं आणि देवळातली पूजा करणाऱ्या माझ्या चुलतसासऱ्यांनी जाहीर केलं, "गेलं बिचारं."

देवाचं कासव उकिरड्यावर थोडंच टाकणार? खातेगांवच्या पुढे नर्मदेत जलसमाधी द्यायचं ठरलं. लाल फडकं, हार, भाड्याची गाडी, सगळं तयार. नारळ आणायचा म्हणून मला फोन.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. जाऊन आधी कासवाचा वास घेतला.

"सूनबाई, हे काय!"

"मेलं असतं तर वास आला असता, काकासाहेब. जिवंत आहे. जमिनीवरचं कासव हे, नदीत टाकलंत तर बुडून मरेल."

"मग हलत का नाही?"

"शीतनिद्रा."

"निद्रा असेल तर जागं होईल की!" त्यांनी देवळातली घंटा आणून त्याच्या कानाशी बडवली. कासव ढिम्म.

त्यांचं चुकलं नव्हतं, शब्दच तोकडा आहे. शीत म्हणजे थंडी, निद्रा म्हणजे झोप. पण ही झोप नव्हेच. अंग गार पडतं, श्वास आणि ठोके मंदावतात, अंगात साठवलेल्यावर दिवस निघतात. आमच्या हिंदी पुस्तकात 'शीतनिष्क्रियता' आहे, पण ते ऐकून काकासाहेबांनी कासवाला आळशी ठरवलं असतं.

बाहेरून ड्रायव्हर ओरडला, "भिया, चलना है के नी?"

मी घाईने म्हटलं, "इंग्रजीत हायबरनेशन म्हणतात. मूळ लॅटिन, हिवाळ्यावरून आलेलं. रोमन फौजा थंडीत लढाई थांबवून तळ ठोकायच्या, त्यालाही हाच शब्द."

काकासाहेब थबकले. आपले पूर्वज फौजेबरोबर माळव्यात आले, हे ते प्रत्येक लग्नात सांगतात.

"म्हणजे छावणी! आपले लोक पावसाळ्यात करत, ती."

"तीच. हे हिवाळ्यात करतं."

"मग असं सांग ना. निद्रा काय, निद्रा!" त्यांनी लाल फडकं कासवावर पांघरलं आणि गाडी परत पाठवली. "पण फाल्गुनात उठलं नाही, तर नर्मदेवर तूच घेऊन जायचंस."

नारळाची मी चटणी केली. पण फाल्गुन लागल्यावर मी रोज बागेत डोकावून येत होते, हे खरं.

रंगपंचमीला सकाळीच फोन आला. "सूनबाई, छावणी उठली. पूजेची जास्वंद खातंय, लवकर ये!"