जावयाचं लिनक्स

आमच्या घरात जावयाला 'चुकलं' म्हणायची पद्धत नव्हती. भाजी खारट झाली तर सुनेचं चुकलं, पाऊस आला तर पंचांगाचं चुकलं. जावयाचं कधीच काही चुकत नसे. नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, या सोयीवर चांगलेच पोसले होते.

हुपरीत आमचं घरातच चांदीचं काम. पुढच्या सोप्यात शेगडी आणि तार ओढायचं यंत्र, मागच्या खोलीत आम्ही बायका पैंजणाच्या कड्या जोडत बसायचो. मी लग्नाआधी चित्रकला शिकलेली, पण कड्या जोडायला चित्रकला लागत नाही, पाठ आणि डोळे लागतात. दोन्ही झिजत चालले होते. मग नवऱ्यानं घरात कॉम्प्युटर आणला आणि मी त्यावर पैंजणांच्या नक्ष्या काढायला लागले. कोयरी, वेल, मोराची मान. इतकं सुख मला माहेरीही मिळालं नव्हतं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "दिवाळीचा माल ठरवायला कोल्हापूरचा व्यापारी यील. त्येला तुझी नक्षी पटली तर मशीन तुझं. न्हाय पटली तर मशीन विकायचं, आणि तू कड्या जोडायला बस." मी महिनोन् महिने खपून नक्ष्या काढल्या. सगळ्या त्या मशीनच्या पोटात.

आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी दाजी आले.

दाजींचा कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटरचा क्लास. त्यामुळं त्या विषयात ते नाकानं कांदे सोलायचे. या खेपेला मासिकाबरोबर फुकट मिळालेली एक सीडी घेऊन आले होते. "लिनक्स हाय, विंडोजसारखंच मशीन चालवतंय. व्हायरस येत न्हाय. विंडोज पण ऱ्हातंय, हे पण ऱ्हातंय," म्हणाले. मी म्हटलं, व्यापारी येऊन जाऊ दे, मग बघू. मामा लगेच, "पावणं हौसेनं करत्यात तर करू दे की." झालं. पावण्यांनी बाह्या सारल्या.

बराच वेळ ते नुसतं एंटर मारत होते. शेवटी स्क्रीननं विचारलं, बूटलोडर कुठं ठेवू? मशीन सुरू झालं की आधी कुणाला उठवायचं, विंडोजला की लिनक्सला, ते ठरवणारा हा छोटा प्रोग्रॅम. डिस्कच्या अगदी सुरुवातीला ठेवू, की लिनक्सच्या स्वतःच्या भागात? खाली चांगलं चार ओळींचं सांगितलेलं होतं. मी वाचायला वाकले, तोवर दाजींनी एंटर मारलं.

"काय विचारत होतं ते?" मी म्हटलं.

"ते वाचायचं नसतंय, वहिनी."

एवढ्या भांडवलावर हा माणूस राजारामपुरीत सर झाला होता.

मशीन बंद होऊन चालू झालं. काळ्या स्क्रीनवर कोपऱ्यात एल आणि आय अशी दोन इंग्रजी अक्षरं आली आणि तिथंच थांबली. ना लिनक्स, ना विंडोज. दाजींनी परत चालू केलं. परत तीच दोन अक्षरं. दाजी म्हणाले, "गरम झालंय. उद्या बघू." आणि जेवायला बसले.

उद्या होती खंडेनवमी. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, नुसती पूजा करायची. हातोडी, चिमटे, तराजू मांडले, कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, टेबलावरची फ्लॉपीही उचलून पाटावर ठेवली. मशीन घेतलं तेव्हा दुकानदारानं दिलेली होती, कधी अडलं तर यानं चालू करा म्हणून. आत्तींचं म्हणणं, तेही हत्यारच. पाणी शिंपडलं, हळद-कुंकू, अक्षता, वर नारळाचं पाणी. काही कमी ठेवलं नाही.

दसऱ्याला सकाळी दाजींनी ती फ्लॉपी घातली. आत कुरकुर झाली आणि गप्प. बाहेर काढून त्यांनी पत्र्याची पट्टी सरकवली तर आत हळदीचा चिखल. माणसाचा चेहरा असा उजळला, की जणू त्याला सोनं वाटायच्या आधीच सोनं मिळालं. "आत्ती, हळद गेली की वो आत. आता माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाय." संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत झालं, सासूनं पूजेत मशीन घालवलं. बिचाऱ्या आत्ती तोंड लपवून बसल्या. दाजी पुरणपोळ्या हाणून, टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन गाडीत बसले.

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, दाजींना वाईट वाटंल." मला मात्र मागच्या खोलीतली कड्या जोडणाऱ्या बायकांची ओळ दिसत होती, आणि तिच्यात माझी रिकामी जागा.

मी मशीनचा डबा जुन्या चादरीत बांधला आणि कोल्हापूरची एसटी धरली. गडमुडशिंगीला गाडी भरली तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, "टीव्ही हाय व्हय?" मी म्हटलं, "जावयाचा मान हाय." तिनं पाय आखडून डब्याला जागा करून दिली.

क्लास भरलेला होता. सगळ्या पोरापोरींच्या देखत मी डबा दाजींच्या टेबलावर ठेवला. सगळ्या मशीनवर विंडोजच दिसत होतं. म्हटलं, "दाजी, हितं लिनक्स कुठल्यावर हाय?"

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, ते काय असतं?"

दाजींनी आवाज बारीक केला. "अवो वहिनी, हितं कसं घालू? पोरांच्या फिया घेतल्यात, बिघडलं तर जाब विचारतील की. म्हटलं आधी घरातल्याच मशीनवर करून बघावं."

घरातलं म्हणजे माझं. जिथं त्यांना कुणी जाब विचारणार नव्हतं तिथलं. मी चादरीची गाठ सोडली आणि डबा त्यांच्यापुढं सरकवला.

मग त्यांनी ड्रॉवर उघडला, एक फ्लॉपी काढली, घातली, एका ओळीची कमांड मारली, मशीन परत चालू केलं. विंडोज आलं. माझ्या कोयऱ्या, वेल, मोर सगळे जागच्या जागी. त्यांनी मागवलेला चहा अजून निवला नव्हता. म्हणजे हळदीचा काही संबंध नव्हता. तोच इलाज यांच्या ड्रॉवरमध्ये पडून होता आणि या गृहस्थानं आत्तींना गल्लीत मान खाली घालायला लावली होती.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. मामा एवढंच म्हणाले, "पावण्यास्नी असं चारचौघांत विचारायचं न्हाय." व्यापारी आला, नक्ष्या घेऊन गेला. त्याला मामा अभिमानानं सांगत होते, "जावयानं मशीन नीट करून दिलं." मी आत चहा गाळत होते. चहात मीठ घालावंसं वाटलं.

पण मशीन माझं झालं.

पुढच्या दसऱ्याला दाजी परत आले. पिशवीतून नवी सीडी काढली. "ह्या वेळंला लई सुधारलंय, वहिनी. बूटलोडर बी नवा हाय."

मी पोळीचं ताट हातात घेऊन उभी होते. म्हटलं, "आधी तुमच्या क्लासात घाला."

नवरा खाली बघायला लागला. नणंदेनं माझ्याकडं डोळे मोठे केले. मामांनी घास तसाच धरून ठेवला, माझ्याकडं बघितलं, मग खाली मान घालून बसलेल्या आत्तींकडं बघितलं.

"पावणं," ते म्हणाले, "ती म्हणती तसं करा की." मग मला म्हणाले, "पोळी वाढ त्यास्नी."

मी वाढली. तूपही सढळ हातानं घातलं.