फिल्टरला कुंकू

आमच्या फ्रिजच्या दारावर एक बारीकसा दिवा आहे. आतला पाण्याचा फिल्टर चांगला असेल तर तो निळा असतो, संपत आला की पिवळा होतो आणि संपला की लाल. आमचा दिवा लाल झाला तेव्हा आमच्या यजमानांनी त्यावर पन्हाळ्याहून आणलेलं तोफेचं मॅग्नेट चिकटवलं आणि विषय मिटवला.

"लाल दिवा म्हणजे सूचना असते, हुकूम नसतो," असं वर मला समजावलंही. हा गृहस्थ दसरा चौकातल्या सिग्नललाही हेच तत्त्व लावतो, त्यामुळे मी वाद घातला नाही.

फ्रिज लेकीने हट्टाने घ्यायला लावलेला. दोन दारांचा, उभा कपाटाएवढा. दारातल्या खोबणीत पेला टेकवला की थंडगार पाणी पडतं. गच्चीवरच्या टाकीपासून एक पांढरी बारीक नळी थेट त्याच्या पाठीत शिरते. सुरुवातीला तर शिवाजी पेठेतली निम्मी गल्ली आमच्याकडे पाणी प्यायला येऊन गेली. यजमान प्रत्येकाला पेला द्यायचे आणि देवळातल्या पुजाऱ्यासारखे बाजूला उभे राहून म्हणायचे, "टेकवा. नुसता टेकवा. दाबू नका."

मग आमच्याकडे आक्का आल्या.

आक्का म्हणजे ह्यांची सख्खी आत्या. राहणार कोडोली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की पायऱ्या नीट चढता येईपर्यंत गावी जायचं नाही. गावच्या घरात चूल खाली, झोपायची खोली माडीवर आणि मधला जिना असा उभा की मांजरसुद्धा विचार करून चढतं. आक्कांचे यजमान गेलेले, मुलं आपापल्या नोकरीच्या गावी. म्हणून आक्कांना एकदाच खुर्चीत बसवून आमच्या वरच्या मजल्यावर आणलं आणि त्यांची कॉट पुढच्या खोलीत, गॅलरीला लागून पडली.

सगळे म्हणायचे, किती करताय तुम्ही म्हातारीचं. खरं सांगू? करत त्याच होत्या. त्या आल्यापासून संध्याकाळच्या टीव्हीवरच्या बातम्या बंद झाल्या आणि पत्ते सुरू झाले. आक्का पत्त्यांत उघड उघड लबाडी करतात आणि पकडलं तर पकडणाऱ्यालाच ओरडतात. गल्लीतून फुटबॉलची पोरं सरावाला निघाली की गॅलरीतून आवाज जायचा, "का रं, काल गोल मारायचा सोडून आभाळ बगत हुतास व्हय?" पोरं खालून हात जोडायची. माझं घर इतकं मोठ्याने कधी हसलं नव्हतं.

फक्त पाण्याचं जमेना.

पहिल्याच दिवशी ह्यांनी मोठ्या थाटात पेला टेकवून आणून दिला. आक्कांनी एक घोट घेतला आणि तोंड असं केलं की जणू कुणी कारल्याचा रस पाजलाय.

"ह्या पाण्याला वास येतोय."

"आक्का, हे शहरातलं सगळ्यात शुद्ध पाणी आहे," हे म्हणाले. "फिल्टरचं आहे. विहिरीच्या पाण्याची सवय ना तुला. आता वय झालं, जीभ जुनी झाली."

आक्कांनी पेला परत केला आणि दुसऱ्या दिवसापासून कोडोलीहून भाजीच्या टेम्पोतून त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा निळा कॅन यायला लागला. टेम्पो आला तर पाणी. नाही आला तर आक्का नुसत्या चहावर. मी उकळून दिलं, माठात भरून दिलं, वाळा घातला. पण भरायचे मी त्याच फ्रिजच्या नळीतून, आणि आक्का पेला हुंगूनच परत करायच्या. पायात गोळे यायला लागले. डॉक्टर माझ्यावरच डाफरले की पेशंट पाणी का पीत नाही. आणि एका शुक्रवारी आक्कांनी पत्ते पिसता पिसता सांगितलं, "मी सोमवारी जातो. जीप सांगितलीया."

आमच्याकडे बाई असली तरी 'मी जातो'च म्हणते, आणि आक्कांनी म्हटलं की ते जाणंच असतं. मला एकदम तो जिना दिसला. अंधारा, उभा, आणि त्यावर एका हातात पाण्याची कळशी घेऊन चढणाऱ्या आक्का. माझे पत्ते हातातच राहिले. आक्कांनी तेवढ्यात माझा एक्का उचलला, तो भाग वेगळा.

त्या रात्री मी फ्रिजवरची तोफ काढली. खाली दिवा लालभडक. ह्यांना बोलावलं. आपल्याला नापास करणारे मास्तर अचानक बाजारात दिसावेत तसे ते त्या दिव्याकडे बघत राहिले.

"म्हणजे वास येतोय?" त्यांनी हळूच विचारलं.

"येतोय. आपल्याला सवय झाली म्हणून कळत नाही."

"आक्काला सांगू नकोस. जन्मभर ऐकवेल."

मग आम्ही दोघांनी चोरासारखा मोबाईल बघून नवीन फिल्टर मागवला. तो शनिवारी आला. ठरलं असं की रविवारी सकाळी, आक्का आंघोळीला गेल्या की, गुपचूप बसवायचा. दुपारी त्यांना पाणी द्यायचं आणि शहराच्या पाण्याचा विजय जाहीर करायचा. आमच्या घरात आजवर गुपचूप एकही गोष्ट झालेली नाही, हे ठरवताना आम्ही विसरलो.

रविवारी आक्का आंघोळीहून आल्या तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोका उघडा होता, आत पांढरा, बरणीएवढा फिल्टर, आणि हे चष्मा कपाळावर चढवून सूचनांचं पुस्तक बघत होते. पुस्तकात जगातल्या सगळ्या भाषा होत्या, आपली सोडून.

"काय आलंय?"

"काही नाही गं. फ्रिजचा पार्ट."

"पाणी ह्याच्यातनंच येणार न्हवं?"

"हो."

"मग मोटारच की. आनि पूजा?"

आक्कांच्या मळ्यात विहिरीत नवी मोटार उतरवायची म्हणजे एक कार्यच असतं. मोटारीला हळदकुंकू, नारळ, आणि पहिलं पाणी कुणी तोंडाला लावायचं नाही, ते पिकाला सोडायचं. ट्रॅक्टरला तेच, चिरमुऱ्याच्या भट्टीला तेच, नातवाच्या लॅपटॉपलासुद्धा तेच. तो लॅपटॉप अजून बटणांमध्ये पिवळा आहे.

"आक्का, हे प्लॅस्टिकचं डबडं आहे. ह्याला कसली पूजा?" असं म्हणून हे पाणी बंद करायला गच्चीवर गेले.

गच्चीवर चार कॉक आहेत. कुठला कशाचा हे फक्त घर बांधणाऱ्या गवंड्याला माहीत होतं. ह्यांनी आत्मविश्वासाने एक फिरवला आणि खालून आरोळी आली. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू जैन आहेत. त्यांच्या घरी नळाच्या तोंडाला कायम पांढरं फडकं बांधलेलं असतं, पाणी गाळून, उकळूनच प्यायचं. त्या साबणाच्या हातांनी अर्ध्या जिन्यात येऊन उभ्या. "कोण हाय वर? माझी भांडी निम्मी ऱ्हायली की!" मी धावत बाहेर गेले, वरखाली ओरडून एकेक कॉक बंद-चालू करत शेवटी खरा सापडला. तमाशा बघायला काकूही वर आल्या, हात पुसायचं निमित्त करून.

आम्ही स्वयंपाकघरात परतलो तेव्हा आक्का खुर्चीवर हात पदराखाली घेऊन बसलेल्या. शांत. आक्का शांत बसल्या म्हणजे मला भीती वाटायला हवी होती. पण ह्यांनी तोपर्यंत जुना फिल्टर ओढून काढला होता, तो बाहेर येताना अर्धा पेलाभर पाणी त्यांच्या लेंग्यावर सांडलं होतं, आणि मी हसत होते. नवीन फिल्टर त्यांनी टेबलावरून उचलला, तोंड न बघताच आत सरकवला, फिरवला. टक्. दिवा निळा. तोफ विजयाने बाजूला ठेवली.

"आता बघा," हे म्हणाले आणि कॉक सुरू करून आले. पेला टेकवला.

आधी नुसती हवा आली, म्हैस फुरफुरल्यासारखी. मग पाणी आलं. गुलाबी.

ह्यांनी पेला उजेडात धरला. लग्नात पाहुण्यांना देतात त्या सरबताच्या रंगाचं. मी आक्कांकडे बघितलं. पदराच्या कडेतून त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट दिसत होतं, पेरापर्यंत लाल. मला सगळं कळलं. आणि मी, देवाशपथ, गप्प बसले. असे प्रसंग रोज येत नाहीत.

ह्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडून एक मुलगी गोड हिंदीत बोलायला लागली.

"पानी गुलाबी आ रहा है," हे म्हणाले.

"सर, गुलाबी मतलब?"

"गुलाबी मतलब गुलाबी! शादी का सरबत!"

"सर, ऐसी कंप्लेंट तो कभी नहीं आई."

"तो अब आई ना! लिख लो!"

तिने लिहून घेतलं असावं, कारण बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. तेवढ्यात काकू पुढे झाल्या. "भाऊ, म्हणून आम्ही फडकं बांधतोय," असं म्हणून त्यांनी माझ्या ओट्यावरचं स्वच्छ फडकं घेतलं, फ्रिजच्या तोटीला रबराने बांधलं आणि पुन्हा पाणी सोडलं. फडक्यावर लाल-पिवळा डाग उमटला. काकूंनी तो बोटाने चोळला, नाकाशी नेला.

"अगं बया. हे तर हळदीकुंकू!"

आम्ही तिघांनी माना वळवल्या.

"बगालायसा काय?" आक्का कडाडल्या. "व्हय, लावलं. वर दोन भोकं, डोळ्यागत. मधी कपाळ. नवं जनावर दावणीला बांधताना मोकळ्या कपाळानं बांधत्यात व्हय? जरा जास्त पडलं आत, एवढंच."

"आक्का!" ह्यांनी फोन कानापासून लांब धरला. "फिल्टर घाण काढायला असतो गं!"

"कुंकू घाण हाय व्हय?"

फोनमध्ये संगीत वाजतच होतं. हे चिडले आणि चिडण्याच्या भरात त्यांच्या तोंडून निघालं, "इतके महिने संपलेल्या फिल्टरचं पाणी प्यालो तेव्हा काही झालं नाही, आणि आता नवा आणला तर..."

ते थांबले. फार उशिरा.

"संपलेल्या म्हंजे?" आक्कांनी विचारलं.

मी टेबलावरची तोफ उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. आक्का कधी तोफेकडे, कधी दिव्याकडे, कधी भाच्याकडे बघत होत्या.

"म्हंजे वास येत हुता."

"हो," हे म्हणाले.

"आनि तू मला सांगितलास, जीभ जुनी झाली."

"हो."

मला वाटलं आता जीप आजच येईल. पण आक्कांनी गुडघ्यावर अशी थाप मारली की मीच कळवळले, आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग काठी घेऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्यापेक्षा कितीतरी भरभर, गॅलरीत गेल्या आणि सगळ्या गल्लीला जाहीर केलं, "ऐका रं! पाण्याला वास येत हुता! माझी जीभ चांगली हाय! ह्यानं दिव्यावर तोफ लावली हुती, तोफ!" खालून कुणीतरी शिट्टी मारली. हे स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तेवढ्यात काकूंनी पुस्तकातलं एक चित्र शोधलं. बादली, तिच्यात पडणारं पाणी, आणि शेजारी पेल्यावर मोठी फुली. नव्या फिल्टरचं पहिलं पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं.

"बगा!" परत आलेल्या आक्का म्हणाल्या. "पुस्तकात बी हाय. पहिलं पाणी जमिनीचं."

मग दुपारपर्यंत एकच काम. फ्रिजच्या नाजूक तोटीखाली तांब्या, तांब्या भरला की बादलीत, बादली भरली की गच्चीवर. गुलाबी, फिकी गुलाबी, मग नुसती शंका, मग स्वच्छ. स्वच्छ झाल्यावरही काकूंच्या हुकमाने आणखी दोन बादल्या. माझ्या जास्वंदीला इतकं पाणी तिच्या जन्मात मिळालं नव्हतं. बादल्या वाहायला अर्थात तेच, ज्यांनी तोफ लावली होती. आक्का कॉटवरून हाक द्यायच्या, "का रं, दमलास? जीभ जुनी झाली का?"

शेवटी आक्कांनी आपला पितळी तांब्या स्वतः तोटीखाली धरला. भरला. हुंगला. आम्ही तिघं रांगेत उभे, निकालाला उभे राहतात तसे. त्यांनी एक घोट घेतला, गालात फिरवला, गिळला. मग अख्खा तांब्या वरून, तोंडाला न लावता, गटगट रिकामा केला.

"आमच्या हिरीगत न्हाय," त्यांनी सांगितलं. "पर प्यायला हरकत न्हाय."

ह्यांनी धपकन स्टूल ओढलं आणि बसले.

संध्याकाळी पत्ते खेळताना आक्कांनी सहज विचारलं, "हे डबडं किती दिवस चालतं?"

"सहा महिने," हे म्हणाले.

आक्का पत्ते लावत राहिल्या. माझ्या काळजात पुन्हा तो जिना उभा राहिला, पण मी विचारलं नाही. विचारलं की त्या उलट करतात.

सोमवारी सकाळी जीप आली. ड्रायव्हर कोडोलीचाच, वर येऊन दारात उभा राहिला. "आक्का, पिशवी कुठली?"

आक्का गॅलरीत बसून चहा पीत होत्या. त्यांनी कोपऱ्यातल्या निळ्या कॅनकडे काठी दाखवली.

"ह्यो कॅन तेवढा परत न्हे. रिकामाच न्हे."

"आनि तुम्ही?"

"मी कशी येतो?" आक्का म्हणाल्या. "सहा महिन्यांनी नवा बसवायचा हाय. ह्याला जमतंय व्हय? आनि टेम्पोवाल्याला सांग, आता पाणी नको. पूजेचं कुंकू संपलंय माझं, तेवढं धाडा."