जंतूंनी बनवलेलं औषध

माझी मुलगी तिसरीत असताना सारखं पाणी पिऊ लागली. उन्हाळा आहे, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग ती वाळत गेली. एक दिवस शाळेतून आली आणि उंबऱ्यातच कोसळली. श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला सडक्या फळाचा वास. नवऱ्यानं शेजाऱ्याची जीप घेतली, मुखेडहून थेट लातूर गाठलं. वाटभर मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसले.

ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. जन्मभर टोचावं लागेल."

सासूबाई पुढं झाल्या. "ते जनावराचं आसतंय म्हणं. आम्ही माळकरी हाव."

"पूर्वी गाई-डुकरांपासून काढायचे, आजी. आता इन्सुलिन बनवणारा माणसाचा जनुक सूक्ष्म जंतूंमध्ये घालतात. मग ते जंतूच इन्सुलिन बनवतात."

सासूबाईंचं समाधान झालं. मला मात्र ‘जंतू’ हा शब्दच खटकला. पाणी उकळून पाजणारी मी, लेकराला जंतू टोचू? "ते आत वाढले तर?"

"जंतू कारखान्यातच राहतात. बाटलीत फक्त शुद्ध केलेलं औषध येतं."

पटलं नव्हतं. पण लेक पाणी मागत नव्हती, माझ्याकडं बघून हसली, म्हणून हो म्हटलं.

घरी सुई टोचताना मी डोळे मिटले. "आई, बघून टोच ना," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

थोड्याच दिवसांनी दुपारी चित्र काढता काढता ती घामानं भिजली. हात लटलटू लागले, बोबडं बोलू लागली. मला वाटलं, जंतू उठले! मी जागची हलेना. सासूबाईंनीच डबा उघडून तिच्या गालात साखर सारली. "मॅडम म्हणल्या न्हाई का, जेवायला उशीर झाला की साखर उतरती म्हणून? बघतीस काय नुसती!" हळूहळू पोरगी सावरली, भाकर मागू लागली. मग मी रडले.

आता ती दहावीत आहे, स्वतःच टोचून घेते. परवा औषधाच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "इन्सुलिन संपलंय ताई, उद्या येईल."

घरात एक भरलेली बाटली होती. तरी उद्यापर्यंत थांबवेना. तशीच स्टँडवर गेले आणि लातूरच्या एसटीत बसले.