कुलूप लावण्याआधी

“कुलूप लावून राहिलो जी! कोणी आहे का आत?”

रोज संध्याकाळी रेकॉर्ड रूमच्या दारात उभं राहून काकाजी ही हाक मारायचे. दोनदा मराठीत आणि तिसऱ्यांदा हिंदीत, “कोई है क्या भैया?” एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला पितळी गडवा. प्रत्येक हाकेनंतर ते कान देऊन थांबत. मग गडवा उंबऱ्याच्या आत ठेवून कुलूप लावत.

काकाजी आमचे रेकॉर्ड कीपर. असा एखादा विक्षिप्त माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, म्हणून तुम्ही हसाल. मीही हसायचे. आमची जबलपूरची कचेरी इंग्रजांच्या काळातली. भिंती दोन हात जाड, खिडक्या पार छताजवळ. रिक्षावाले तिला भूतवाली कचेरीच म्हणत.

“काकाजी, भुताला नुसतं पाणीच? चहा नाही?” मी एकदा विचारलं.

“चहा तू आण. पाण्याचं मी पाहतो.”

त्यांची शिस्त कडक होती. कागद म्हणजे सरस्वती, तेव्हा चपला दाराबाहेर काढूनच आत जायचं. मोठे साहेबसुद्धा यातून सुटत नसत. बाहेर चप्पल दिसली की आत माणूस आहे, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं.

मे महिन्यातली गोष्ट. पाच वाजता एक बस्ता परत ठेवायला मी आत गेले आणि दिवे गेले. कागदपत्रांचं ते गाठोडं छातीशी धरून मी शेवटच्या रॅकपाशी पोचले, तर रॅकखालच्या फटीतून पलीकडे दोन पाय दिसले. अनवाणी, टाचा भेगाळलेल्या, घोट्यापर्यंत धूळ. मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. तेवढ्यात एक अंगठा हलला.

बस्ता तिथेच पडला. मी धावत दाराबाहेर आले. बाहेर माझ्याच चपला होत्या, दुसऱ्या कोणाच्याही नव्हत्या.

“काकाजी, आत कोणाचे तरी पाय आहेत!”

ते हसतील असं वाटलं होतं. त्यांचा चेहराच उतरला.

“अन् तू पळून काहून आली? पाणी विचारलं का त्याले?”

माझ्यावर त्यांनी आवाज चढवला तो एवढ्या वर्षांत एकदाच. गडवा घेऊन ते आत गेले. मी दारात उभी. आत पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. आतून त्यांचा आवाज येत होता, “बाबा, दार उघडंच आहे. चला नं बाहेर.” बऱ्याच वेळाने ते एकटेच परतले. गडवा भरलेलाच होता आणि डोळेही.

पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. खूप वर्षांपूर्वीचा, भर उन्हाळ्यातला शुक्रवार. पाटनकडचा एक म्हातारा शेतकरी आपल्या शेताचा जुना नकाशा पाहायला आला होता. त्याचा नर्मदामाईला नवस होता, म्हणून तिलवाऱ्याच्या घाटावर आंघोळ करून तिथून अनवाणीच चालत आलेला. थकून रॅकमागे झोपला. संध्याकाळी काकाजींनी दाराकडे पाहिलं, एकही चप्पल नाही. त्यांनी कुलूप लावलं. पुढे दोन दिवस सुट्टी.

“शनिवारी चौकीदारानं आतून थापा ऐकल्या,” काकाजी म्हणाले. “त्याले वाटलं, भूत. रामनाम घेत फाटकाबाहेर बसून राहिला. सोमवारी मी दार उघडलं तं म्हातारा दारालेच टेकून होता. मेलेलाच माझ्या पायावर कोसळला, पोरी. चौकशी झाली, चूक कोणाचीच नाही निघाली. माझी मले माहीत आहे.”

मग कुलपाशी चाळा करत ते म्हणाले, “चौकीदार भुताले भ्याला, अन् माणूस गेला. आतून आवाज आला तं आधी दार उघडायचं. भूत आहे का माणूस, हे मागून पाहू.”

काकाजी रिटायर झाले आणि किल्ली माझ्याकडे आली. गेल्या हिवाळ्यात ते गेलेच. हाका आता मी मारते, गडवा मी ठेवते. भीती मात्र तसूभरही कमी झालेली नाही, ती काय लपवायची?

परवाच्या शुक्रवारी तीन हाका मारल्या, पाणी ठेवलं, कुलूप लावलं. दोन पायऱ्या उतरले तोच आतून थाप आली. थोड्या वेळाने आणखी एक.

जुनं लाकूड उन्हाने वाजतं, हे मला माहीत आहे. त्या चौकीदारानेही स्वतःला काहीतरी सांगितलंच असेल. वऱ्हांड्यात कोणी नव्हतं. जिन्याकडे धूम ठोकावी असं अंगातला कण न् कण सांगत होता. तरी मी वळले आणि त्या दोन पायऱ्या परत चढले.

दार उघडलं. आत काहीच दिसेना.

“बाबा, पाणी घेता का?” मी उंबऱ्यातूनच विचारलं.

दार सताड उघडं ठेवून, घामाने भिजलेली मी उंबऱ्यावर बसून राहिले, पार अंधार पडेपर्यंत. काकाजी, मी पळाले नाही.