जानकी नावाची कोणी नव्हती

धामणगावला गाडीतून उतरलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. फौजेत असताना मी राजस्थान पाहिलं, आसाम पाहिला, पण साताऱ्याहून या बाजूला कधी येणं झालं नव्हतं. यवतमाळची बस बाभुळगावात थांबली. गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेला कापूस आणि खाली काळीभोर जमीन. आमच्याकडे उसाच्या भिंतीत नजर अडते. इथे ती थेट आभाळाला जाऊन टेकते.

मी फिरायला निघालो नव्हतो. पंधरा दिवसांपूर्वी देविदास राठोडचा फोन आला होता. आम्ही एकाच पलटणीत होतो. तो नाईक म्हणून निवृत्त झाला. मी कंपनी ऑफिसात कारकून, म्हणून सगळ्यांचा 'बाबू'. त्याचं हृदय आता जेमतेम काम करतं. तो दम घेत घेत बोलत होता. "बाबू, तुले यावं लागते," तो म्हणाला. "माह्या बायकोचं नाव तू लिवलं होतं. ते चुकलं हाय."

बायकोच्या नावाचा विषय निघताच मला सगळं आठवलं. चाळीस वर्षांपूर्वी तो लग्न करून रजेवरून परतला, तेव्हा नोंद मीच केली. मी बायकोचं नाव विचारलं. तो म्हणाला, झमकी. मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. मी तेव्हा पंचविशीचा, मॅट्रिक झालेला, स्वतःच्या अक्षराचा गर्व असलेला. मला वाटलं, हे काही कागदावर घालायचं नाव नव्हे, घरात हाक मारायचं असेल काहीतरी. मी 'जानकी' लिहिलं. कागद इंग्रजीत होता. मी जिथे बोट दाखवलं तिथे राठोडने सही केली.

आता आधार कार्डावर झमकी आणि त्याच्या सेवेच्या कागदांवर जानकी. आपल्यामागे तिला निवृत्तिवेतन मिळताना अडचण नको, म्हणून त्याने दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं की जानकी ही पहिली पत्नी दिसते. तिच्या मृत्यूचा दाखला किंवा फारकतीचा कागद जोडावा. ते लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्या खुर्चीत मी असतो तर मीही तेच मागितलं असतं. गावातल्या एका शहाण्याने राठोडला सुचवलं होतं की दाखला काढून टाक, एका दिवसाचं काम आहे. राठोडने त्याला सांगितलं, "जे बाई जन्मलीच नाही, तिले मारू कसं?"

यवतमाळच्या बसस्थानकाबाहेर आलूबोंडा खाल्ला. त्यावर तर्री (तिखटजाळ लाल रस्सा) न विचारताच घातली जाते. पहिल्याच घासाला मला ठसका लागला. शेजारच्या म्हाताऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि कोणत्या गावचे, कायले आले, अशी चौकशी केली. मित्राकडे आलोय, म्हणालो. खरं कारण मला सांगवलं नाही.

पांढरकवड्याच्या बसने पुढे निघालो. सागाचं जंगल सुरू झालं. थंडीने पानं तांबूस झाली होती, काही रस्त्यावर पसरली होती, बशीएवढी मोठी आणि खरखरीत. मोठ्या रस्त्यावर हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग होती. मी वाहकाला फाट्याचं नाव सांगितलं होतं, पण फोनवर ते मीच नीट ऐकलं नव्हतं, म्हणून एक फाटा आधी उतरलो. बस गेल्यावर चूक कळली. पिशवी खांद्याला लावून तासभर चाललो.

कापूस वेचणाऱ्या एका बाईला मी राठोडांचं घर विचारलं.

"तांड्यात समदे राठोडच हाय," ती ओटीतला कापूस सावरत म्हणाली.

"देविदास राठोड. मिलिटरीवाले."

"मंग झमकीबाईचं घर म्हना ना," असं म्हणून तिने हाताने दिशा दाखवली.

तिथपासून तांडा (बंजाऱ्यांची वस्ती) येईपर्यंत ते नाव माझ्या कानात होतं. माझ्याखेरीज कुणालाच ते नाव खटकलं नव्हतं.

राठोड उन्हात बाजेवर बसला होता. खांदे उतरले होते, पाय सुजले होते. मला पाहून तो उठला, सरळ उभा राहायचा प्रयत्न केला आणि मग माझ्याच दंडाला धरून खाली बसला. आतून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आव भिया, बेस," ती म्हणाली (ये भाऊ, बस). चाळीस वर्षांत मी झमकीवहिनींना प्रथमच पाहत होतो.

जेवायला बाटी (त्यांच्या बोलीत ज्वारीची जाड भाकर) होती, तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) भाजी आणि वर कच्चं तेल. मी पोटभर जेवलो. वहिनी वाढत होत्या. ताटं उचलल्यावर त्या समोर येऊन बसल्या आणि शांतपणे सांगू लागल्या.

लग्नाला आठ महिने झाले होते. पलटणीतून घरी एक लिफाफा आला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून तांड्यावरच्या मास्तरांनी वाचला. त्यात लिहिलं होतं, देविदास राठोड यांची पत्नी जानकी. वहिनींना सातवा महिना चालू होता. त्यांना वाटलं, नवऱ्याने तिकडे दुसरी बाई केली आहे. विचारायचं कुणाला? राठोड तेव्हा बर्फातल्या चौकीवर होता. पत्राला पत्र यायला दोन महिने लागत. त्या उठल्या आणि ढाणकीजवळच्या माहेरच्या तांड्यावर निघून गेल्या. मुलगी तिथेच झाली. चार महिन्यांची असताना तापाने गेली. राठोड रजेवर आला तेव्हा तिला पुरून दोन महिने झाले होते. तिचं तोंड त्याने पाहिलं नाही.

"त्याईनं शपथ घेतली तवा मी परत आली," वहिनी म्हणाल्या. "पन जानकीचा मले लई वर्सं राग होता. आता कळते, रागवाले कोनी नव्हतंच."

मी राठोडकडे पाहिलं. त्यानंतर इतकी वर्षं आपण एकत्र होतो, तू बोलला का नाहीस, असं विचारलं. तो म्हणाला की नाव दुरुस्त करायला सांगितलं असतं, तर कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं. पोरीची गोष्ट त्याला बराकीत काढायची नव्हती. पुढे ते तसंच राहून गेलं.

मला माफी मागायची होती. शब्द जुळवले, पण तिथे त्यांचं वजन पडेना. मी एवढंच म्हणालो की उद्या जे लिहायचं ते मी खरं लिहीन.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पांढरकवड्याला गेलो. राठोडला प्रवास झेपणार नाही, असं वहिनींनी आणि मी सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही; निवृत्तीच्या वेळचा कोट घालून तो रिक्षात आधीच जाऊन बसला. तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टंकलेखक बसतात. त्यातल्या एकाने माझं प्रतिज्ञापत्र टाइप करायला घेतलं. त्याच्याकडे मजकूर तयारच होता: लेखनिकाच्या अनवधानाने नावात चूक झाली.

मी म्हणालो, अनवधानाने नाही.

तो थांबला. "काका, समदे असंच लिवतात. तुमच्यावर काही येत नाही त्यानं."

मी त्याला सांगितलं तसं त्याने टाइप केलं: नाव मला स्पष्ट ऐकू आलं होतं. ते मला योग्य वाटलं नाही, म्हणून मी माझ्या मनाने दुसरं लिहिलं. वहिनींनी ते मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. राठोड डोळे मिटून ऐकत होता.

आतल्या अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी सगळे कागद नीट पाहिले आणि मला विचारलं, "मग ही जानकी कोण?"

"जानकी नावाची कोणी नव्हती," मी म्हणालो. "ते नाव मी लिहिलं. राठोडांची पत्नी एकच, ती ही झमकी."

त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि अंगठा की सही, असं विचारलं. वहिनींनी पेन मागून घेतलं. प्रौढांच्या वर्गात त्या सही शिकल्या होत्या. 'झ' काढायला वेळ लागला. कुणीही घाई केली नाही.

परतताना फाट्यावर बसची वाट पाहत आम्ही उभे होतो. राठोडला रिक्षातून उतरवत नव्हतं, म्हणून मी आत वाकून त्याचा हात धरला. पुन्हा भेट नाही हे दोघांना माहीत होतं. तो पलटणीतल्या जेवणाबद्दल काहीतरी बोलला. बस दिसली तेव्हा मी वहिनींपुढे हात जोडले. त्यांनी मला माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. "आता लिवलं ना बरोबर," त्या म्हणाल्या. "जा भाऊ, गाडी चुकन."

उन्हाळ्याच्या तोंडाला दुरुस्ती झाल्याचं पत्र त्यांना मिळालं. राठोड ते बघायला होता. पावसाळा मात्र त्याला दिसला नाही. वहिनींनी स्वतः फोन करून कळवलं. त्यांचं काम कुठे अडलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

घरी आल्यापासून मी एकच गोष्ट आठवत बसतो. वीस वर्षं मी नावं लिहिली. डोंगरातल्या, जंगलातल्या, मी कधी न पाहिलेल्या वस्त्यांमधली नावं. मला वाटायचं, मी ती सुधारतोय. त्यातली किती बदलली, मला खरंच सांगता येत नाही. चार माणसं आठवली, त्यांचे पत्ते मिळवले आणि चौघांना पत्रं लिहिली: बायकोचं, आईचं नाव कागदावर बरोबर आहे का, बघून कळवा, चूक असेल तर मी येतो.

आजवर एकाचं उत्तर आलं. बायकोचं नाव बरोबर आहे, त्याने लिहिलंय. आईचं मात्र दुसरंच आहे. पण आई जाऊन फार वर्षं झाली, आता राहू द्या.

मी परवाचं तिकीट काढलं आहे.